जपानी पेटीतले नारळ

१

पेटी उघडली आणि आत नारळ निघाले.

एरवी गणेश जयंतीच्या सकाळी मराठी माणसाच्या पेटीत नारळ निघाले तर कोणी दचकत नाही. पण ही पेटी जपानहून विमानानं हॅमिल्टनला आली होती, तिच्यावर सोनेरी अक्षरं होती, आणि तिच्यात जगातल्या सगळ्यात नखरेल गोमांसाचे तुकडे असायला हवे होते. शिवाय ती उघडून बघायला बार्बाडोसहून मिस्टर ब्रॅथवेट आले होते. तिथल्या मोठ्या हॉटेलांना घाऊक माल पुरवणारा माणूस. दोन विमानं बदलून, आयुष्यात पहिल्यांदा लोकरी टोपी घालून आलेला. त्यांनी एक नारळ उचलला, शेंडी निरखली, आणि शांतपणे म्हणाले, "हे आमच्याकडे झाडाला लागतात."

पेटी मागवली होती शैलेंद्रनं. शैलेंद्र नागपूरचा. सॉफ्टवेअरची नोकरी गेली तेव्हा बेकार बसण्यापेक्षा काहीतरी आयात करू म्हणून तो या धंद्यात पडला. जपानी माल कॅनडात आणायचा आणि परदेशी घाऊक गिऱ्हाइकांना पुढे पाठवायचा. तो स्वतः अंडंही खात नाही. माल कसा लागतो असं गिऱ्हाइकानं विचारलं की तो भागीदाराकडे, निहारकडे, बोट दाखवतो. निहार मुंबईचा, वयानं तिशीतला, आणि खाण्याच्या बाबतीत त्याचा कोणावर राग नाही.

नमुन्याची ही एकच पेटी होती. ती पसंत पडली तर वर्षभराची ऑर्डर, आणि ब्रॅथवेट संध्याकाळच्या विमानानं रिकाम्या हातानं गेले तर धंदा बंद. धंदा बंद म्हणजे शैलेंद्रला मेहुण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायला विनिपेगला जावं लागणार होतं. जानेवारीत. मेहुण्याच्या हाताखाली. यातलं कुठलं कलम जास्त भयंकर, हे त्याचं अजून ठरलेलं नव्हतं.

पोलिसांना बोलवावं, असं ब्रॅथवेट म्हणाले. शैलेंद्रनं पोलिसांऐवजी माझ्या बायकोला फोन केला.

२

माझी बायको सुहासिनी इथल्या इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट होती. चाळीस वर्षं तिनं लोकांच्या आतलं बघितलं, त्यामुळे बाहेरच्याचा तिच्यावर फारसा प्रभाव पडत नाही. मी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला, तिचा ड्रायव्हर. आम्ही दोघं गणेश जयंतीला निघालो होतो. गणेश जयंती खरं म्हणजे आदल्याच दिवशी झाली होती, पण आमच्या मंडळाचा गणपती समजूतदार आहे, तो शनिवारी जन्मतो. सुहासिनी पैठणीवर पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट, चढवून त्या शीतगोदामात शिरली तेव्हा ब्रॅथवेट उठून उभे राहिले. डिटेक्टिव्ह असे दिसत असतील अशी त्यांची कल्पना नसावी.

तिनं आधी पेटी पाहिली. थर्माकोलची, वरून पुठ्ठ्याची. चिकटपट्टी नवी होती. झाकणावर प्लॅस्टिकचा एक कप्पा होता, तो रिकामा. त्यात जनावराचं प्रमाणपत्र असतं, असं निहारनं सांगितलं. जपानी लोक त्यावर सगळं लिहितात, आणि नाकाचा ठसासुद्धा घेतात. आपण आधारासाठी अंगठा घेतो तसा.

मग तिनं नारळ पाहिले. प्रत्येक नारळ दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातलेला होता. आमच्या ऑन्टारियोत दूध पिशव्यांतून मिळतं, आणि मराठी घरात ती पिशवी धुऊन, नळावर वाळत घालून पुन्हा वापरली जाते. कोथिंबिरीला, पुरणपोळीला, पासपोर्टला. कॅनेडियन चोर असता तर त्यानं पेटीत विटा भरल्या असत्या, असं सुहासिनी म्हणाली. विटांना पिशवी कोण घालतो?

"म्हणजे काकू, आपल्यातलंच कोणीतरी?" शैलेंद्र म्हणाला. माल गेल्यापेक्षा याचाच त्याला जास्त धक्का बसलेला दिसला.

"नारळ कुठले?"

ते मंडळाचे होते. मंडळाचं पूजेचं सामान, समया, पाट, नारळांची पोती शैलेंद्र आपल्या गोदामाच्या पुढच्या खोलीत फुकट ठेवू देतो. मागच्या दाराआड गोमांस आणि पुढच्या दाराआड गणपतीचा पाट, ही व्यवस्था तीन वर्षं बिनबोभाट चालली होती. मागे काय आहे हे मंडळात सर्वांना ठाऊक होतं. म्हणून तर कोणी कधी विचारत नव्हतं.

गोदामाच्या चार किल्ल्या होत्या. शैलेंद्रची, निहारची, हिशेब बघणारी शैलेंद्रची बायको उमा हिची, आणि मंडळाचे चिटणीस चारुदत्त यांची.

सुहासिनीनं एक नारळ पिशवीतून काढून माझ्या हातात दिला. बर्फासारखा गार, आणि उभा तडकलेला. दुसराही तडकलेला. आतलं पाणी गोठून फुगलं होतं आणि त्यानं करवंट्या फोडल्या होत्या. तिनं निहारला विचारलं, तू काल कुठे होतास?

निहारचा चेहरा उतरला. तो खरोखर सांगायला कचरत होता. मग म्हणाला, काल रात्री उशिरापर्यंत विनिपेगला होतो, पाच दिवस.

"विनिपेगला?" शैलेंद्र ओरडला. "माझ्या मेहुण्याकडे?"

३

निहारनं कबूल केलं. धंदा बुडालाच तर आपल्यालाही तिथे काही काम मिळेल का, हे बघायला तो गेला होता. शैलेंद्र खुर्चीत बसला. जो भागीदार बोट बुडायच्या आधी किनारा बघून येतो, तोच बोटीला भोक पाडणार नाही कशावरून, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होता.

पण सुहासिनीनं निहारला पाच मिनिटांत सोडून दिलं. थर्माकोल गारवा आत ठेवतं तसा बाहेरही ठेवतं. थर्माकोलच्या बंद पेटीत इतके नारळ एका रात्रीत तडकेपर्यंत गोठत नाहीत. हे नारळ दोन-तीन दिवस तरी आत होते, आणि तेव्हा हा विनिपेगला गल्ला बघत होता. निहारनं तिच्या पायाला हात लावला. हॅमिल्टनमध्ये राहून हा मुलगा हे विसरला नव्हता, याचं मला बरं वाटलं.

उमाला गणपतीच्या हॉलवरून बोलावून घेतलं. ती नऊवारीत आणि स्नो बूटात आली. शैलेंद्रनं मला बाजूला घेऊन कळवळून सांगितलं की काका, सांभाळून बोला, घरी मी जपानी मशरूम सांगितलंय. आईला आणि हिलाही.

उमानं पेटी पाहिली, नारळ पाहिले, ब्रॅथवेटना नमस्कार केला आणि नवऱ्याकडे वळली.

"हिशेब मी बघते ना रे? मशरूमच्या नाकाचा ठसा कोणी घेतं का?"

शैलेंद्रचा हा त्या सकाळचा चौथा धक्का. तीन वर्षं तो घरी येताना गाडीत शर्ट बदलत होता.

मग तुला हे थांबवावंसं कधी वाटलं नाही का, असं सुहासिनीनं तिला सरळ विचारलं. धंदा बुडाला तरी विनिपेगला तुझा भाऊ आहे. उमा म्हणाली, भाऊ आहे, पण तिथे हिवाळाही आहे. आणि मला भावजयही आहे. हे कारण मला पुरेसं वाटलं. सुहासिनीला वाटलं नाही. तिनं उमाला दुधाची पिशवी कापून दाखवायला सांगितली. उमानं ऑफिसच्या फ्रिजमधली पिशवी घेतली आणि कोपऱ्याचा एवढासा तुकडा उडवला, सगळे उडवतात तसा. धार नीट पडते. या भोकातून सुपारीही आत गेली नसती. नारळांच्या पिशव्या मात्र वरून कात्रीनं सरळ, फूटपट्टी लावल्यासारख्या कापलेल्या होत्या.

राहिली चौथी किल्ली. ती ज्यांच्याकडे होती त्यांचं नाव घ्यायला कोणी तयार होईना. शैलेंद्र तर म्हणाला की काकू, तुम्ही हवं तर माझ्यावर संशय घ्या. चारुदत्त म्हणजे आमच्या मंडळाचा कणा. कांदा-लसूण न खाणारा, वीस वर्षं गणपतीची पूजा सांगणारा, जमाखर्चात सेंटाचा फरक आला तर खिशातून भरणारा माणूस. आणि मुख्य म्हणजे गोमांसाला हात लावणं त्यांना जमलंच नसतं.

"तेच तर बघायचंय," सुहासिनी म्हणाली. "चला, आरतीला उशीर होतोय."

ब्रॅथवेटही आमच्याबरोबर आले. माल नाही तर नाही, निदान नारळांचं काय करतात ते बघतो, म्हणाले.

४

आमचा गणपती चर्चच्या बेसमेंटमध्ये बसतो. जिना उतरलं की पहिल्यांदा बुटांचा डोंगर लागतो, मग धूप, मग देव.

बुटांच्या डोंगरापाशी चारुदत्त उभे होते. लोकांचे बूट उचलून ओळीनं लावत होते, त्यांतून गळणारं, रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी फडक्यानं टिपत होते. मी विचारलं, आज पूजेला कोण? तर म्हणाले, शंतनु सांगतोय, माझी पाठ धरलीय. एवढं बोलून ते वाकले आणि दोन्ही हातांनी चार जोड उचलून फळीवर ठेवले. धरलेली पाठ इतकी वाकते हे मला नवीन होतं.  सुहासिनी त्यांच्या कपाळाकडे पाहत होती.

आत शंतनु पुस्तकात बघून पूजा सांगत होता आणि पान उलटताना प्रत्येक वेळी देवाची माफी मागत होता. चारुदत्तांची बायको मैत्रेयी प्रसाद वाटत होती. खोबऱ्याच्या वड्या, दुधाच्या पिशव्यांतून. पिशव्या सरळ कापलेल्या. मी सुहासिनीला कोपरानं ढोसलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, दिसलं मला, पण या मंडळात अर्ध्या बायका तिच्याकडून पिशव्या नेतात.

शैलेंद्रची आई शीलाताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी ब्रॅथवेटना शेजारी बसवून घेतलं आणि मुलाच्या मशरूमचे गिऱ्हाईक तुम्हीच ना, असं मराठीतून विचारलं. ब्रॅथवेट हसून मान हलवत राहिले. शैलेंद्र खांबामागे गेला.

आरती सुरू झाली. ताम्हन, झांजा, लहान मुलं एकमेकांना 'स्टॉप पुशिंग' म्हणत. मी मागे वळून पाहिलं. चारुदत्त दारातच उभे होते, उंबरठ्याबाहेर, हात न जोडता. वीस वर्षं ज्यांच्या आवाजावर आम्ही सूर धरला ते तोंड मिटून उभे होते, आणि त्यांच्या गालावर पांढरे खुंट वाढलेले होते. मैत्रेयीनं आरतीचं ताट त्यांच्याकडे नेलं. ते एक पाऊल मागे सरकले.

सुहासिनीनं माझी बाही धरली.

"अहो, चारुदत्तांच्या घरी कोण वारलं?"

मी आठवून पाहिलं. आई-वडील कधीच गेले. भाऊ पुण्यात ठणठणीत आहे. परवाच त्यानं मला व्हॉलीबॉलचा फोटो पाठवला होता.

"कोणी नाही."

"दाढी केलेली नाही, गंध नाही, देवाला शिवत नाहीत, आरती घेत नाहीत. मग ते सुतक कोणाचं पाळतायत?"

झांजा वाजत होत्या. 

५

चारुदत्तांचं घर माउंटनवर, म्हणजे आमच्या गावात ज्या टेकडीला डोंगर म्हणतात तिच्यावर. आरती संपल्यावर चारुदत्तांना घेऊन आम्ही सगळे मागच्या अंगणात गेलो. ड्राइव्हवे शोव्हल केला, म्हणजे फावड्यानं साफ केला, की बर्फ पुढेच टाकतात. मागच्या अंगणात कोणी बर्फाला हात लावत नाही. इथे मात्र मधोमध एक लांबट ढीग होता, फावड्यानं थापून गुळगुळीत केलेला. त्याच्या डोक्याशी एक विझलेली उदबत्ती रोवलेली होती.

चारुदत्तांनी काही लपवलं नाही. विचारायचीच वाट बघत असावेत.

बुधवारी ते पूजेचं सामान आणायला गोदामात गेले होते. मागचं दार उघडं राहिलं होतं आणि पेटी दारातच होती. एरवी त्यांनी मान वळवली असती, तीन वर्षं वळवतच होते. पण झाकणावर ते प्रमाणपत्र होतं.

"नुसतं मांस असतं तर मी डोळे मिटले असते, वहिनी," ते म्हणाले. "पण त्यावर तिचं नाव होतं. हारुहिमे. खाली बापाचं नाव. त्याखाली आजोबांचं. आणि पणजोबांचं. तीन पिढ्या सांगितल्यावर माणूस काय करणार? पितृपंधरवड्यात मी लोकांना हेच विचारत फिरतो, पणजोबांचं नाव सांगा, आणि अर्ध्यांना येत नाही. हिला येत होतं."

 वाऱ्यानं उदबत्तीची काडी हलत होती.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. सुतक त्यांनी एकट्यानंच धरलं होतं, मैत्रेयीला त्यात ओढलं नव्हतं. माल काढून, पेटीत त्याच्या जागी नारळ ठेवले, कारण जिवाच्या जागी नारळ द्यायचा असतो, जागा रिकामी सोडायची नसते. बर्फाची ओल लागून नासू नयेत म्हणून पिशव्या घातल्या. घरी आणून पुरायला गेले तर जमीन दगडासारखी गोठलेली, फावडं उडून कपाळाला लागलं. अग्नी द्यायचा विचार आला होता. पण मांसाला अग्नी दिला असता तर वासावर शेजारचा मार्क बीअर आणि प्लेट घेऊन आला असता. म्हणून एप्रिलमध्ये जमीन सुटेपर्यंत बर्फात ठेवलं.

शैलेंद्र हात जोडून पुढे झाला. काका, संध्याकाळचं विमान आहे, म्हणाला. विनिपेगचंही सांगितलं. चारुदत्तांचे डोळे भरले, पण मान हलली नाही. त्याचं वाईट होऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण दहावा झाल्याशिवाय हलवता येत नाही. फक्त तीन दिवस झालेत.

ब्रॅथवेटनी घड्याळ पाहिलं. शैलेंद्र बर्फात मटकन बसला.

सुहासिनीनं शांतपणे प्रमाणपत्र मागितलं. ते देवघरात होतं, देवांशेजारी नाही, खालच्या फळीवर, पणतीपाशी. तिनं चष्मा वर करून वाचलं. मी आधी सांगितलं नाही, तिचे वडील वाईचे. घरात याज्ञिकी होती. मृत्यूची कारणं ती इस्पितळात शिकली, पण मृत्यूनंतरचे नियम तिनं लहानपणी पाटावर बसून ऐकले होते.

"चारुदत्त, ही गेली कधी?"

"बुधवारी कळलं मला."

"कळलं कधी ते नाही विचारत. गेली कधी? इथे तारीख आहे. नाताळाच्या आधी. महिना उलटून गेला. परदेशातला मृत्यू दहा दिवसांनंतर कळला तर सुतक किती?"

चारुदत्तांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ओठ हलले. ते बोटांच्या पेरांवर मोजत होते.

"तीन रात्री," ते म्हणाले. "त्रिरात्र."

"बुधवार, गुरुवार, शुक्रवार. आज सकाळीच सुटलं तुमचं. अंघोळ करा आणि मोकळे व्हा."

 चारुदत्त अगदी बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे आजची आरती मला करता आली असती?"

एवढ्या साऱ्या प्रकारात त्यांना बसलेला धक्का हाच. त्यांनी आत जाऊन डोक्यावरून अंघोळ केली, ओल्या केसांनी बाहेर आले, आणि ढिगाला नमस्कार करून बाजूला झाले. निहारनं उकरलं. जाड बंद पिशव्या, प्रत्येकीवर प्रमाणपत्रावरचाच क्रमांक, आणि गारवा मोडला तर लाल होणारा ठिपका, जो पांढराच होता. हॅमिल्टनच्या हिवाळ्यानं शैलेंद्रच्या कोल्ड स्टोअरपेक्षा चोख काम केलं होतं.

ब्रॅथवेटना सगळं सांगावं लागलं. मी सांगितलं, कारण बाकी कोणाची तयारी नव्हती. ऐकून त्यांनी लोकरी टोपी काढली आणि बराच वेळ काढलेलीच ठेवली. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर बसल्यावर प्रार्थना करतात, म्हणाले, इतक्या आधीपासून कोणी केलेली ऐकली नाही. मग घाऊक व्यापारी जागा झाला. प्रत्येक पेटीमागे ही प्रार्थना मिळेल का? हॉटेलांना आवडेल.

शैलेंद्र लाल झाला. चारुदत्तांनी मात्र प्रश्न गंभीरपणे घेतला. ते म्हणाले, "मांस मला दाखवू नका. नावं पाठवत जा."

ऑर्डर मिळाली. विनिपेग टळलं, निहारचंही. मंडळाचं सामान उमानं आपल्या बेसमेंटमध्ये हलवलं. आणि तेव्हापासून जपानहून माल आला की प्रमाणपत्राची प्रत ई-मेलनं माउंटनवर जाते. चारुदत्त सकाळी पळीनं पाणी सोडतात, नाव, बाप, आजोबा, पणजोबा, आणि मग ऑफिसला जातात. दक्षिणा घेत नाहीत. एकदा सप्लायरनं पणजोबांचा रकाना रिकामा सोडला, तेव्हा त्यांनी शैलेंद्रला जपानला फोन करायला लावला.

शीलाताईंना अजून मशरूमच सांगितलेलं आहे. परवा मी त्यांना सहज विचारलं, धंदा कसा चाललाय मुलाचा? त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देवाची कृपा. चारुदत्त इतकं मनापासून करतो ना. मशरूमला इतकं करणारा माणूस मी पाहिला नाही हो."